समुद्र कुणाचा, आणि मासे मोजायचे कुणी?



‘मासेमारीचे धोरण आणि समुद्रातील जीवविविधता’ असा विषय संयोजकांनी जाहीर केला, तेव्हा एका जुन्या विद्यार्थ्याने फोन करून विचारलं, “सर, तुम्ही यावर काय बोलणार?” प्रश्न रास्त आहे. मी जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं. समुद्राशी माझा संबंध ताटापुरता. पण या विषयाच्या मुळाशी दोन प्रश्न आहेत आणि ते दोन्ही आमच्या खात्यातले आहेत. समुद्र कुणाचा, हा पहिला. समुद्रात मासे किती उरलेत हे आपल्याला कळतं ते कुणाच्या सांगण्यावरून, हा दुसरा. एक नीतिशास्त्राचा, दुसरा ज्ञानमीमांसेचा. मासेमारीच्या धोरणाचा इतिहास म्हणजे या दोन प्रश्नांची वेळोवेळी दिलेली उत्तरं, आणि त्या उत्तरांची किंमत कुणी मोजली त्याची हकीकत.

सुरुवात जरा लांबून करतो. साल १३७६. इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड. त्याच्या पार्लमेंटपुढे किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा एक अर्ज आला. काही लोकांनी नवंच जाळं काढलंय, अशी तक्रार. हे जाळं समुद्राच्या तळावरून ओढत नेतात. त्याचा आस इतका बारीक की अगदी पिल्लूसुद्धा निसटत नाही. तळावरची झाडोऱ्यासारखी वाढ, शिंपले, मोठ्या माशांचं खाद्य, सगळं खरवडून निघतं. आणि बारीक मासळी एवढी येते की तिचं करायचं काय ते कळत नाही, म्हणून ती डुकरांना घालतात. बंदी घाला, असं त्यांचं म्हणणं. यावर सरकारने काय केलं असेल? चौकशीसाठी जाणकार माणसं नेमायचं ठरवलं. तुम्ही हसताय, पण समिती नेमण्याची कला आपण शोधलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

हा अर्ज मुद्दाम सांगितला. तळ खरवडणं, बारीक आस, पिल्लं मारणं, आणि माणसाच्या पोटात न जाणारी मासळी, हे चार मुद्दे आज साडेसहाशे वर्षांनी कोकण किनाऱ्यावरच्या कुठल्याही निवेदनात तुम्हाला सापडतील. फक्त डुकरांच्या जागी फिशमीलचा कारखाना आलाय. म्हणजे माहिती नव्हती म्हणून हे सगळं घडलं, असं म्हणायची सोय नाही. माहिती होती. ती ज्यांच्याकडे होती त्यांचं वजन कमी होतं.

आता मालकीच्या प्रश्नाकडे येऊ. इथे आपला किनारा थेट गोष्टीत येतो. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी हिंदी महासागर आपला आहे असं जाहीर करून टाकलं. गोव्याहून ते परवाने द्यायचे, त्याला कार्ताझ म्हणत. कार्ताझ नसेल तर जहाज पकडायचं. (पुढे कान्होजी आंग्र्यांनी आपल्या पाण्यात स्वतःची दस्तकं सुरू केली, तेव्हा तेच युरोपीय त्यांना चाचा म्हणू लागले. असो.) १६०३ मध्ये डचांनी सिंगापूरच्या सामुद्रधुनीत पोर्तुगीजांचं ‘सांता कातारीना’ हे मालाने भरलेलं जहाज धरलं. ही लूट कायदेशीर कशी, हे सांगायला डच ईस्ट इंडिया कंपनीला वकील हवा होता. तो मिळाला, ह्यूगो ग्रोशियस. त्याच्या लिखाणातला एक भाग १६०९ मध्ये ‘मारे लिबेरुम’, म्हणजे ‘मुक्त समुद्र’, या नावाने छापला गेला. आंतरराष्ट्रीय कायद्याचा पाया म्हणून आपण तो शिकवतो. मूळ कारण मात्र एका कंपनीने पकडलेलं जहाज.

ग्रोशियसचा युक्तिवाद सुंदर आहे. जी वस्तू ताब्यात घेता येत नाही आणि एकाने वापरली म्हणून दुसऱ्याला कमी पडत नाही, तिच्यावर मालकी सांगता येत नाही. हवा तशी. समुद्र तसा. म्हणून तो सर्वांचा. पण एका ठिकाणी तो थबकतो. तो म्हणतो की मासेमारीबद्दल वेगळं बोलता येईल, कारण मासे संपू शकतात असा दावा करता येतो. जहाज हाकारणं मात्र कधीच अडवता येणार नाही. बघा, एवढ्या मोठ्या सिद्धान्ताच्या पोटात ही एक फट राहून गेली. आणि फट दिसली ती विल्यम वेलवुड नावाच्या एका स्कॉटिश कायदेपंडिताला. १६१३ मध्ये त्याने लिहिलं की डचांच्या बेसुमार मासेमारीने आमच्या किनाऱ्याकडे येणारे माशांचे थवे पांगतात, आमची माणसं उपाशी राहतात. म्हणजे समुद्र मुक्त ठेवला तर तो सर्वांचा राहत नाही, ज्याची बोट मोठी त्याचा होतो.

इतिहासाने ग्रोशियसला मोठं केलं, वेलवुडला विसरला. माझ्या मते मासेमारीपुरतं तरी हे उलटं व्हायला हवं होतं.

एकोणिसाव्या शतकात दुसरा प्रश्न पुढे आला. मासे किती आहेत? ब्रिटनमध्ये १८६३ साली एक रॉयल कमिशन नेमलं गेलं. त्यात थॉमस हेन्री हक्स्ली होता, डार्विनचा खंदा पाठीराखा. ठिकठिकाणी फिरून साक्षी घेतल्या. किनाऱ्यावरचे लोक सांगत होते, ट्रॉल जाळ्यांनी नुकसान होतंय. १८६६ च्या अहवालाने निष्कर्ष काढला की तसा पुरावा नाही, जुने निर्बंध काढून टाका. १८६८ मध्ये कायदा करून बरेचसे निर्बंध काढलेही. पुढे १८८३ मध्ये लंडनच्या आंतरराष्ट्रीय मत्स्य प्रदर्शनात हक्स्लीने सांगितलं की कॉड, हेरिंग, मॅकरल यांसारख्या मोठ्या मासेमारी बहुधा अक्षय आहेत. आपण काहीही केलं तरी त्यांच्या संख्येवर फरक पडणार नाही.

हक्स्ली मूर्ख नव्हता. त्याने ‘सध्याच्या पद्धतींनी’ अशी सावध पुस्ती जोडली होती. पण त्याच दशकात वाफेवर चालणारे ट्रॉलर आले, पद्धत बदलली, आणि पुस्ती कुणाच्या लक्षात राहिली नाही. शास्त्रज्ञाचं वाक्य धोरणात शिरतं तेव्हा त्यातलं ‘बहुधा’ पहिल्यांदा गळून पडतं. शिवाय हक्स्लीने पुराव्याचा भार कुणावर टाकला ते पाहा. नुकसान होतंय हे मच्छीमाराने सिद्ध करायचं. नुकसान होत नाही हे ट्रॉलरवाल्याने सिद्ध करायचं नाही. तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आम्ही शिकवतो की पुराव्याचा अभाव हा अभावाचा पुरावा नव्हे. इथे तोच दोष कायद्याच्या रूपाने पुस्तकात गेला.

विसाव्या शतकात या अक्षयतेची जागा एका आकड्याने घेतली. कमाल शाश्वत उत्पादन. कल्पना सोपी आहे. मासे फारच कमी असतील तर पैदास कमी. समुद्र माशांनी भरलेला असेल तर खाद्याची टंचाई, म्हणून वाढ कमी. मधे कुठेतरी एक बिंदू असतो जिथे वाढ सर्वांत जास्त. तेवढंच दरवर्षी काढा, मुद्दल शाबूत राहील. १९४९ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने हे धोरण म्हणून स्वीकारलं. त्याचं प्रसिद्ध गणित मिल्नर शेफर यांनी मांडलं १९५४ मध्ये. साल लक्षात घ्या, धोरण आधी आलं आणि गणित मागून. पुढे १९७७ मध्ये पीटर लार्किन या मत्स्यशास्त्रज्ञाने या कल्पनेचा चक्क मृत्युलेख लिहिला. पण १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारात ती आहेच, आजही आहे. कल्पना मरायला फार वेळ घेतात.

यात अडचण काय? बँकेतल्या ठेवीसारखी ही कल्पना एका जातीच्या माशासाठी केलेली. थंड समुद्रात एकेका जातीचे प्रचंड थवे असतात, तिथेही ती डगमगते. आपल्या उष्ण समुद्रात तर एका ट्रॉलच्या ओढीत कोळंबी येते, बोंबील येतो, मांदेली, बळा, माकूळ, खेकडे, लहान मुशी, आणि ज्यांना बाजारात नावही नाही असे जीव. प्रत्येकाचं आयुष्य वेगळं, वयात येण्याचा काळ वेगळा. कोळंबी वर्षभरात पिढी बदलते, मुशीला पिल्लं व्हायला कित्येक वर्षं लागतात आणि तीही मोजकी. एकाच जाळ्याचा बिंदू कोळंबीला सोसतो आणि मुशीला संपवतो. आणि सरकारी तक्त्यात सगळ्यांची बेरीज होते ती टनांत. टन हा शब्द फार फसवा आहे, मंडळी. मोठे, सावकाश वाढणारे मासे संपत गेले आणि त्यांच्या जागी लहान, झटपट वाढणारे आले, तरी टन तेवढेच दिसू शकतात. डॅनिएल पॉली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये जगभरच्या आकड्यांवरून नेमकं हेच दाखवलं, की आपण अन्नसाखळीत वरून खाली सरकतोय. त्याच पॉलींनी १९९५ मध्ये आणखी एक गोष्ट मांडली होती. प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणी जो समुद्र पाहते तोच मूळचा असं धरून चालते. आजोबांच्या काळातली घोळ आणि रावस नातवाच्या हिशेबात येतच नाहीत. जे आठवत नाही ते गेलं असंही वाटत नाही.

आता न्यूफाउंडलंड. हे उदाहरण जरा सावकाश सांगतो, कारण त्यात सगळं आहे. कॅनडाच्या पूर्वेला हे बेट. तिथला कॉड मासा पाच शतकं युरोपला पुरला. १९५० च्या दशकात गोठवण्याची यंत्रं असलेले कारखानेवजा ट्रॉलर आले. १९६८ मध्ये उत्तरेकडच्या कॉडची पकड आठ लाख टनांवर गेली. मग ती कोसळली. १९७७ मध्ये कॅनडाने २०० सागरी मैलांची हद्द घोषित करून परदेशी जहाजांना बाहेर काढलं. सगळ्यांना वाटलं, प्रश्न सुटला, चोर गेले. पण परक्यांच्या जागी स्वतःचे ट्रॉलर आणले. १९८० च्या दशकात किनाऱ्यावरचे लहान मच्छीमार सांगू लागले की मासा कमी येतोय, लहान येतोय. सरकारी शास्त्रज्ञांचे आकडे वेगळं सांगत होते. का? कारण आकड्यांचा एक मोठा आधार होता ट्रॉलरची पकड. एका तासाला किती मासा मिळाला यावरून समुद्रात किती असेल ते ठरवायचं. आता कॉडची सवय अशी की संख्या घटली की उरलेला मासा दाटीने एकत्र येतो. आणि ट्रॉलरला सोनार आहे, दाटी कुठे आहे ते त्याला दिसतं. म्हणजे समुद्र रिकामा होत होता आणि ट्रॉलरची तासाची पकड भरघोस राहत होती. किनाऱ्यावरचा मच्छीमार आपलं जाळं एका जागी लावून वाट बघतो, त्याच्याकडे मासा आला नाही हीच खरी मोजणी होती. ती ‘ऐकीव’ ठरली.

२ जुलै १९९२ ला मंत्री जॉन क्रॉस्बी यांनी बंदी जाहीर केली. दोन वर्षांसाठी. सुमारे ३० हजार लोकांचं काम एका दिवसात गेलं. दोन वर्षांची ती बंदी उठली २०२४ च्या जूनमध्ये. बत्तीस वर्षं. आणि उठली तेव्हा मर्यादा ठरली १८ हजार टनांची. आठ लाख कुठे, अठरा हजार कुठे.

आपल्याकडे काय चाललं होतं त्या काळात? १९५२ मध्ये भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रं यांच्यात करार झाला. दुसऱ्या वर्षी केरळात कोल्लमजवळ नीण्डकरा इथे इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प सुरू झाला. हेतू चांगला होता. गरीब मच्छीमाराच्या होडीला यंत्र लावायचं, बर्फ, आरोग्यकेंद्र, पिण्याचं पाणी. पण हळूहळू कोळंबीला परदेशात मिळणारा भाव कळला आणि प्रकल्पाची दिशा ट्रॉलिंगकडे वळली. कोळंबी तळाशी राहते, तेव्हा तळ ओढायचा. ज्यांचा समुद्राशी कधी संबंध नव्हता त्यांनी ट्रॉलर घेतले, सरकारी कर्ज आणि सवलत होतीच. किनाऱ्याजवळ होडी वल्हवणाऱ्याची जाळी हे ट्रॉलर फाडत जायचे. धोरणाच्या भाषेत याला आधुनिकीकरण म्हणत.

गोव्यात हेच, थोड्या वेगळ्या रीतीने. तिथे आणि आपल्या सिंधुदुर्गात रापण हा प्रकार जुना. लांबलचक जाळं होडीने समुद्रात अर्धवर्तुळात टाकायचं आणि दोन्ही टोकांनी किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचं. पन्नास-पन्नास माणसं लागतात. ओढायला हात लावला त्याला वाटा. होडीचा वाटा वेगळा, जाळ्याचा वेगळा. आज कुणी टाकायची, कुणी थांबायचं, याचेही पाळ्यांचे नियम असतात. १९७० च्या दशकात ट्रॉलर किनाऱ्याला खेटून फिरू लागले तेव्हा रापणकार रस्त्यावर उतरले. मातानी साल्ढाणा हे शिक्षक त्यांचे पुढारी झाले. मागणी साधी: किनाऱ्यापासून पाच किलोमीटर आम्हाला सोडा. १९७८ मध्ये देशभरच्या अशा संघटनांचा राष्ट्रीय मंच उभा राहिला. केंद्राने नमुना विधेयक तयार करून राज्यांना धाडलं, आणि १९८० मध्ये गोवा आणि केरळ, १९८१ मध्ये महाराष्ट्र, असे सागरी मासेमारी नियमन कायदे झाले.

इथे एक गोष्ट ठासून सांगायची आहे. आपल्याकडे समुद्रातल्या जीवविविधतेचं रक्षण करणारा हा कायदा पर्यावरणाच्या चळवळीतून आलेला नाही. ‘जीवविविधता’ हा शब्दही तेव्हा रूढ नव्हता. तो आला मच्छीमारांच्या पोटाच्या लढाईतून. निसर्ग विरुद्ध माणूस असं चित्र शहरात बसून रंगवणाऱ्यांनी हा इतिहास वाचावा.

त्याच सुमाराला, म्हणजे १९६८ मध्ये, गॅरेट हार्डिन यांचा ‘सामायिकाची शोकांतिका’ हा निबंध आला होता. जे सगळ्यांचं ते कुणाचंच नाही, प्रत्येकजण ओरबाडणार, म्हणून एक तर सरकारने ताब्यात घ्या किंवा खासगी मालकी द्या. अर्थशास्त्राच्या वर्गात आजही हे स्वयंसिद्ध असल्यासारखं सांगतात. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या पुस्तकात त्याला उत्तर दिलं ते प्रत्यक्ष उदाहरणं गोळा करून. त्यात तुर्कस्तानातलं अलान्या हे गाव आहे. तिथले शंभरएक मच्छीमार दर सप्टेंबरात मासेमारीच्या जागांची चिठ्ठ्या टाकून वाटणी करतात आणि मग रोज एकेक जागा पुढे सरकतात. चांगली जागा आज तुझी, उद्या माझी. कुणी चुकार निघाला तर ज्याची पाळी आहे तोच हटकतो, इन्स्पेक्टर लागत नाही. रापणीच्या पाळ्या आणि आपल्याकडे डोल जाळ्याचे खुंट रोवायच्या जागांवर घराण्यांचे रूढीने चालत आलेले हक्क, हे याच जातीचे. हार्डिन ज्याला सामायिक म्हणत होते ते खरं तर बेवारशी होतं. आणि पुष्कळदा ते बेवारशी केलं गेलं, नवा ट्रॉलर जुने नियम न विचारता आत आला तेव्हा.

मात्र जुनं ते सगळं सोनं, असंही माझं म्हणणं नाही. डोल जाळ्याच्या खोळीचा आस बारीक असतो, त्यात पापलेटची पिल्लं जातात. यावरून डोलवाले आणि मोठ्या आसाचं जाळं लावणारे सातपाटी-डहाणूकडचे, यांच्यात जुने वाद आहेत. कोळी म्हटलं की एकमुखी समाज, असं नसतं.

केरळात लढाई पुढे गेली. मागणी होती की पावसाळ्यात ट्रॉलिंग बंद ठेवा, तेव्हा पुष्कळ जातींची वीण असते. ट्रॉलरवाल्यांचा प्रतिवाद असा की करिक्काडी नावाची कोळंबी कोल्लमच्या समुद्रात पावसाळ्यातच मिळते. आम्ही धरली नाही तर ती वाया जाईल. मग समित्या. १९८१ मध्ये बाबू पॉल समिती, नंतर कलावर समिती, मग बालकृष्णन नायर समिती. पहिल्या समितीत एकमत झालं नाही. उपोषणं झाली, मोर्चे निघाले, त्यात ख्रिस्ती धर्मगुरू आणि जोगिणीही होत्या. १९८८ मध्ये पहिल्यांदा ट्रॉलबंदी लागली. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळने घातलेले पर्ससीनसारख्या जाळ्यांवरचे निर्बंध उचलून धरले, आणि त्यात पारंपरिक मच्छीमारांच्या उपजीविकेचा विचार निर्णायक मानला. म्हणजे हक्स्लीने मच्छीमारावर टाकलेला पुराव्याचा भार तब्बल एका शतकाने थोडासा हलला.

आता घरचं. आपल्याकडे पावसाळ्यात दर्यात न जाण्याची रूढी कायद्याच्या कितीतरी आधीची. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करायचा आणि मग होड्या लोटायच्या. सध्या पश्चिम किनाऱ्यावर केंद्राची बंदी १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस. नारळी पौर्णिमा बहुतेक वेळा ऑगस्टात येते. म्हणून मच्छीमार संघटना म्हणतात, बंदी वाढवा. जे बंदी सोसणार तेच ती वाढवून मागताहेत, ही गोष्ट किती जणांना माहीत आहे? ज्यांना घाई आहे ते मोठ्या बोटींचे मालक.

पर्ससीन जाळं म्हणजे थव्याला वेढा घालून खालून बटव्यासारखं आवळायचं. बांगडा, तारली असा थव्याने फिरणारा मासा एका खेपेत संपूर्ण उचलला जातो. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर महाराष्ट्राने ५ फेब्रुवारी २०१६ ला आदेश काढला. पर्ससीनचे परवाने टप्प्याटप्प्याने १८२ पर्यंत खाली आणायचे आणि मासेमारी फक्त सप्टेंबर ते डिसेंबर. २०१७ च्या नोव्हेंबरात केंद्राने एलईडी दिव्यांनी मासे गोळा करण्यावर बंदी घातली. २०२१ मध्ये राज्याचा कायदा दुरुस्त झाला आणि दंड हजारांतून लाखांत गेला. कागद चांगला आहे. पण राज्याचा कायदा चालतो १२ सागरी मैलांपर्यंत, कारण घटनेत प्रादेशिक जलक्षेत्रातली मासेमारी राज्यसूचीत आहे आणि त्यापलीकडची केंद्रसूचीत. पकडलेला बोटवाला म्हणतो, हा मासा मी बाराव्या मैलापलीकडे धरला. मासा तर काही बोलत नाही. २०२३ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूच्या बोटींना १२ मैलांपलीकडे आठवड्यातून दोन दिवस पर्ससीनची अंतरिम परवानगी दिली. पलीकडच्या पाण्यासाठी केंद्राचे नियम आले तेच मुळी २०२५ मध्ये. आणि मधला सगळा काळ? गस्तीच्या नौका किती आणि किनारा ७२० किलोमीटरचा.

केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मोजणीप्रमाणे २०१९ मध्ये महाराष्ट्राची सागरी पकड २.०१ लाख टनांवर आली, ४५ वर्षांतला नीचांक. आदल्या वर्षी ती २.९५ लाख होती. त्या वर्षी वादळं बरीच झाली, कामाचे दिवस कमी भरले, हेही खरं. एका वर्षावरून निष्कर्ष काढू नये. पण टन फसवे असतात असं मघाशी म्हटलं. तेही घसरले म्हणजे काय समजायचं?

२०२३ मध्ये दोन गोष्टी झाल्या. सप्टेंबरात पापलेट राज्यमासा झाला. नोव्हेंबरात ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवली, पापलेट १३.५ सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर पकडू नये, विकू नये. हेतूबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण नियम लागू कुठे होतो ते बघा. जाळं पट्टी घेऊन बसलेलं नसतं. पिल्लू बोटीवर आलं तेव्हाच मेलेलं असतं, आता ते फेकलं काय आणि विकलं काय. पट्टी लागणार ती बंदरावर आणि बाजारात, म्हणजे साखळीच्या शेवटच्या टोकाला बसलेल्या मासे विकणाऱ्या बाईच्या टोपलीला. सुधारणा करायची तर ती जाळ्यात करा. कोचीची मत्स्य तंत्रज्ञान संस्था कित्येक वर्षं सांगतेय की ट्रॉलच्या खोळीला चौकोनी आस लावा. शंकरपाळ्याच्या आकाराचा आस ओढ लागली की मिटतो, चौकोनी उघडा राहतो, पिल्लू निसटतं. याला पैसे फार लागत नाहीत. लागते ती बंदर सोडण्याआधीची तपासणी, आणि बोटमालकाला दुखवायची तयारी. डिझेलवरचा कराचा परतावा आपण देतोच. मग तो योग्य आसाच्या जाळ्याशी का जोडू नये? २०२२ मध्ये जिनिव्हात जागतिक व्यापार संघटनेने मासेमारीच्या अनुदानांवर करार केला तेव्हा भारताने लहान मच्छीमारांचं नाव पुढे करून दीर्घ सवलत मागितली. मागणी रास्तच होती, श्रीमंत देशांनी आधी भरमसाट अनुदानं देऊन जगाचे समुद्र उपसलेत. पण घरात तरी आपण लहान आणि मोठा हा भेद करावा की नाही? वल्ह्याच्या होडीला डिझेल लागत नाही, तिला परतावाही मिळत नाही.

एक योजना मात्र मला फार शहाणपणाची वाटते, आणि तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. २०१८ च्या अखेरीस महाराष्ट्राने ठरवलं की देवमुशी, समुद्री कासव असा संरक्षित प्राणी जाळ्यात अडकला आणि मच्छीमाराने त्याला सोडण्यासाठी जाळं कापलं, तर नुकसानभरपाई द्यायची, २५ हजार रुपयांपर्यंत. प्राणी सोडल्याचा फोटो पाठवायचा, बस. इथे सरकार मच्छीमाराला म्हणतं, तू सांगतोस त्यावर माझा विश्वास आहे आणि तुझा तोटा मी भरतो. हेच तत्त्व आसाला लावता येईल, बंदीच्या काळाला लावता येईल. बंदीच्या दोन महिन्यांत खलाशाला काय मिळतं? केंद्राची बचत-नि-मदत अशी योजना आहे, तिची रक्कम तुम्ही एकदा बघा आणि त्यात एक घर दोन महिने चालवून दाखवा.

माझ्या समोरच्या कागदावर पुढे ट्रॉलला बसवायच्या कासव-सुटका यंत्राचा आणि अमेरिकेच्या कोळंबी-बंदीचा भाग आहे, पण वेळ झालीय अशी चिठ्ठी आलेली दिसते. तो प्रश्नोत्तरांत घेऊ. मागच्या रांगेत वसईहून आलेली काही मंडळी बसली आहेत. डोल जाळ्याबद्दल मी बोललो ते त्यांना पटलेलं नसणार, हे चेहऱ्यावरून कळतंय. पहिला प्रश्न त्यांचा.